एक पुडी, एक लीटर पाणी

औषधांच्या दुकानात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जलसंजीवनीची पुडी मिळते. बरेच लोक तिला नुसते ओआरएस म्हणतात. जुलाब किंवा उलट्या होऊन अंगातले पाणी आणि क्षार निघून जातात, ते भरून काढण्यासाठी ही पूड पाण्यात विरघळवून रोग्याला घोट घोट पाजतात. घरात एखादी पुडी असली तर ती समोर घेऊन बसा. तिच्यावर बारीक अक्षरांत काही आकडे छापलेले असतात आणि एक वाक्य असते : ही पूर्ण पुडी एक लीटर पाण्यात विरघळवावी.

विद्यार्थी मित्रहो, गुणोत्तर, प्रमाण आणि शेकडेवारी हे धडे आपण शाळेत शिकतो ते दुधात पाणी घालणारा गवळी आणि भिंत बांधणारे बारा मजूर यांच्या संगतीत. तो गवळी आता जुना झाला. त्याने दुधात किती पाणी घातले यावर कुणाचा जीव अवलंबून नसतो. या पुडीतल्या गुणोत्तरावर मात्र असतो. म्हणून आजचा अभ्यास आपण या पुडीवरच करू. एक सूचना आधीच देतो. घरी कुणी आजारी असेल तर डॉक्टरांना दाखवायचे आणि पुडीवर लिहिले आहे तसेच करायचे. हा लेख त्या सूचनेमागचे गणित समजून घेण्यासाठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ठरवलेल्या सूत्रानुसार एक लीटर पाण्यासाठीच्या पुडीत चार पदार्थ असतात : मीठ म्हणजे सोडिअम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण वजन २०.५ ग्रॅम. काही कंपन्या स्वादासाठी आणखी काही घालतात, त्यामुळे तुमच्या पुडीचे वजन थोडे वेगळे असू शकेल.

यात ग्लुकोज शेकडा किती? १३.५ भागिले २०.५ गुणिले १००, म्हणजे जवळजवळ ६६ टक्के. पुडीचा दोन तृतीयांश भाग साखरच आहे की! हे ऐकून एखादे आजोबा म्हणतील, इतकी साखर पोराला कशाला पाजता? पण तीच पूड एक लीटर पाण्यात गेली की दर १०० मिलिलीटर पेयात १.३५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे फक्त १.३५ टक्के. ग्लुकोज तेवढेच, १३.५ ग्रॅम. बदलले काय? शेकड्याचा पाया. पहिल्या वेळी ‘पुडीच्या शंभर भागांत’ असे मोजले, दुसऱ्या वेळी ‘पेयाच्या शंभर भागांत’. टक्केवारीचा आकडा कानावर पडला की पहिला प्रश्न ‘किती टक्के?’ हा नसावा, ‘कशाच्या टक्के?’ हा असावा. पुढे अनेकदा याच प्रश्नाशी आपण येऊन थांबणार आहोत.

वजनांचे गुणोत्तर आणि कणांचे गुणोत्तर

मीठ आणि ग्लुकोज यांचे वजनी गुणोत्तर २.६ : १३.५, म्हणजे जवळजवळ १ : ५.२. हा आकडा काही सुबक नाही. असा विचित्र आकडा तज्ज्ञांनी का निवडला असेल?

त्याचे उत्तर आतड्यात आहे. आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात अशी यंत्रणा आहे, की ग्लुकोज आत घेताना सोडिअमही सोबत आत घेतले जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली ही कल्पना मांडली. पटकीसारख्या रोगात आतडे सारखे पाणी बाहेर टाकत असते, तरीही ही यंत्रणा शाबूत राहते. म्हणून नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी जे काम करीत नाही, ते मीठ आणि ग्लुकोज यांची जोडी करते.

आता जोडी जमवायची तर वजने पाहून चालणार नाही, कण मोजले पाहिजेत. लग्नात वऱ्हाड मोजताना आपण माणसे मोजतो, त्यांची वजने नाही. कण मोजण्यासाठी रसायनशास्त्रात मोल हे एकक आहे. वजनाला रेणुभाराने भागले की मोल मिळतात. हजारावा भाग म्हणजे मिलिमोल. ग्लुकोजचा रेणुभार १८०. म्हणून १३.५ ÷ १८० = ०.०७५ मोल, म्हणजे ७५ मिलिमोल. मिठाचा रेणुभार ५८.५. म्हणून २.६ ग्रॅम मिठातून सुमारे ४४ मिलिमोल सोडिअम मिळते. सोडिअम सायट्रेटचा रेणुभार (त्यातील स्फटिकजलासह) २९४, २.९ ग्रॅम म्हणजे सुमारे १० मिलिमोल, आणि त्याच्या एका रेणूत सोडिअमचे तीन अणू, म्हणजे आणखी ३० मिलिमोल सोडिअम. बेरीज ७४, अपूर्णांकांची काटछाट लक्षात घेऊन अधिकृत आकडा ७५ मानतात.

म्हणजे सोडिअम ७५, ग्लुकोज ७५. गुणोत्तर १ : १! वजनांच्या भाषेत विचित्र दिसणारा आकडा कणांच्या भाषेत इतका साधा निघाला. गुणोत्तर काढायच्या आधी कोणत्या राशींचे काढायचे हे ठरवावे लागते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही. आरोग्य संघटनेची अट अशी आहे, की ग्लुकोज सोडिअमपेक्षा कमी नसावे आणि लीटरला १११ मिलिमोलच्या वर जाऊ नये. सोडिअम ६० ते ९० च्या दरम्यान असावे. हे आकडे लक्षात ठेवा, शेवटी लागतील.

पाणी कमी घातले तर?

समजा, घरात एक लीटरचे माप नाही. ७५० मिलिलीटरची बाटली हाताशी आहे. तेवढ्यात पुडी ओतली. काय बिघडले? मीठ आणि ग्लुकोज यांचे गुणोत्तर तर १ : १ च राहिले. अगदी खरे. पण मीठ आणि पाणी यांचे गुणोत्तर बदलले. एका पेयात एकाच वेळी अनेक गुणोत्तरे असतात, आणि त्यांतले एक बरोबर असले म्हणजे सगळी बरोबर असतात असे नाही.

पाणी शेकडा २५ ने कमी झाले. मग तीव्रता शेकडा २५ ने वाढली का? वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मे हात ‘हो’ म्हणून वर येतात. पूड तेवढीच असल्याने तीव्रता पाण्याच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पाणी तीन चतुर्थांश झाले की तीव्रता चार तृतीयांश होते, म्हणजे शेकडा ३३ ने वाढते. सोडिअम ७५ चे १०० झाले. ९० ची मर्यादा ओलांडली. उलट पाणी शेकडा २५ ने जास्त, म्हणजे १२५० मिलिलीटर घेतले तर तीव्रता चार पंचमांश, म्हणजे शेकडा २० ने कमी. तेच २५ टक्के. एका बाजूला ३३ चा परिणाम, दुसऱ्या बाजूला २० चा. व्यस्त प्रमाणात टक्के असे तिरपे वागतात.

पण खरी चूक याहून मोठी होते. पुष्कळ घरांत मोठी पुडी एका पेल्यात ओततात आणि चमच्याने ढवळून देतात. पेला २०० मिलिलीटरचा धरू. पाणी एक पंचमांश, तीव्रता पाचपट. (पाचपट म्हणजे शेकडा ४०० ने वाढ, ५०० ने नव्हे, मूळचे शंभर वजा करायला विसरू नका.) आता विरघळलेल्या सगळ्या कणांची बेरीज करू. योग्य पेयात दर लीटरला सोडिअम ७५, क्लोराइड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशिअम २० आणि सायट्रेट १०, एकूण २४५ मिलिमोल कण असतात. आपल्या रक्तद्रवात हा आकडा २९० च्या आसपास असतो. म्हणजे योग्य पेय रक्तापेक्षा जरा सौम्य आहे, आणि परासरणाने पाणी आतड्यातून रक्ताकडे सहज जाऊ शकते. पेल्यातल्या पेयात मात्र २४५ × ५ = १२२५ मिलिमोल झाले. रक्ताच्या चौपटीहून अधिक! आता परासरणाची दिशाच उलटते. पाणी आतड्याकडे ओढले जाते, जुलाब वाढतात, आणि रक्तातले सोडिअमही धोकादायक रीतीने चढू शकते. औषध तेच, पुडी तीच. एक गुणोत्तर चुकले.

दुकानात २०० मिलिलीटरसाठीची लहान पुडीही मिळते, तेव्हा कोणती पुडी किती पाण्यासाठी आहे हे वाचल्याशिवाय ती फोडू नये. बाजारातल्या गोड फळरसांची गोष्ट आणखी निराळी. त्यांत लीटरला साधारण १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडिअम नगण्य, म्हणजे वरची दोन्ही गुणोत्तरे बिघडलेली. तरी वर्षानुवर्षे काही गोड पेये ‘ओआरएस’ हे शब्द नावात मिरवीत विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली.

अर्धी पुडी, अर्धा लीटर?

एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, “सर, बाळ लहान आहे, लीटरभर पेय वाया जाईल. अर्धी पुडी अर्ध्या लीटरमध्ये घालू. त्रैराशिकाने उत्तर बरोबर येते.”

त्रैराशिक हे आपल्याकडचे फार जुने साधन. आर्यभटाच्या ग्रंथात (इ. स. ४९९) ते आहे आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) त्याचा मोठा विस्तार आहे. दिलेल्या तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी गोड नावे आहेत. फलाला इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे, की इच्छाफल मिळते. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या हव्यात ही अटही तिथे आहे, आणि जिथे एक वाढल्यावर दुसरे घटते तिथे व्यस्त त्रैराशिक वापरावे हेही. आपल्या पेल्याचे उदाहरण व्यस्त त्रैराशिकाचेच होते.

आपल्या विद्यार्थ्याचा गुणाकार-भागाकार बरोबर आहे. पण त्याने न सांगता एक गोष्ट गृहीत धरली : अर्ध्या पुडीत अर्धे मीठ आणि अर्धे ग्लुकोज असेल. द्रावणाच्या बाबतीत हे खरे ठरते. नीट विरघळलेल्या पेयाचा घोट घ्या किंवा पेला घ्या, दोन्हींत गुणोत्तर तेच. पुडी म्हणजे मात्र वेगवेगळ्या आकारांच्या स्फटिकांचे कोरडे मिश्रण. ते हाताळताना हलते, बारीक कण खाली जातात, जाड वर राहतात. शेवेच्या पुड्यातला चुरा तळाशी का सापडतो ते आठवा. तेव्हा डोळ्यांनी अर्धी केलेली पुडी अर्धी असेलच याची खात्री नाही. म्हणून सूचना आहे ती पूर्ण पुडी वापरण्याची. सगळी पूड लीटरभर पाण्यात विरघळवावी, लागेल तेवढे पाजावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. पेय वाया गेले तरी चालेल.

त्रैराशिक मांडणे हे जगाबद्दल एक विधान करणे असते. ‘हे त्याच्या प्रमाणात बदलते’ असे आपण म्हणतो आणि मग आकडे भरतो. आकडेमोड तपासायला गणकयंत्र पुरते. विधान तपासायला वस्तूकडे पाहावे लागते.

अर्धा लीटर कुणासाठी किती?

आता पेयाकडून पिणाऱ्याकडे वळू. जुलाबाने अंगातले अर्धा लीटर पाणी गेले असे धरा. अर्धा लीटर पाण्याचे वजन अर्धा किलो. ६० किलो वजनाच्या माणसाला हे शेकडा ०.८ एवढेच, त्याला थोडी तहान लागेल. १० किलोच्या बाळाला मात्र तेच अर्धा लीटर म्हणजे वजनाच्या शेकडा ५. वैद्यकात साधारण शेकडा ५ ते १० तूट ही स्पष्ट लक्षणे दिसण्याची पायरी मानतात आणि १० च्या पुढे प्राणांशी गाठ असते. मोठ्या माणसाला जे जाणवतही नाही ते बाळाला अंथरुणाला खिळवते. लहान मुलांचे जुलाब घरच्यांनी अंगावर काढू नयेत असे डॉक्टर का सांगतात, ते या एका भागाकारात आहे.

शेकडा ५ म्हणजे दर किलोला ५० मिलिलीटर, शेकडा १० म्हणजे दर किलोला १०० मिलिलीटर. या दोहोंच्या मध्यावर ७५ आहे. अशा मधल्या अवस्थेतील मुलाला पहिल्या चार तासांत दर किलोला ७५ मिलिलीटर जलसंजीवनी द्यावी असे आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. १२ किलोच्या मुलाला ९०० मिलिलीटर. इथे त्रैराशिक निर्धास्तपणे चालते, कारण तूट वजनाच्या टक्क्यांतच मोजली आहे. आलेख काढला तर तो आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा येईल.

आता फसवा प्रश्न. रुग्णालयात ज्याला तोंडाने काहीच घेता येत नाही अशा रोग्याला शिरेतून रोज किती द्रव द्यावा? १० किलोच्या मुलाला दिवसाला सुमारे १००० मिलिलीटर लागतात. तर ६० किलोच्या माणसाला? त्रैराशिक म्हणते ६०००. एवढे कुणी डॉक्टर देणार नाही. हॉलिडे आणि सेगर या दोन डॉक्टरांनी १९५७ साली एक नियम दिला, तो बालरुग्णविभागांत अजूनही शिकवला जातो. पहिल्या १० किलोंना दर किलोला १०० मिलिलीटर, पुढच्या १० किलोंना दर किलोला ५० आणि त्यापुढच्या प्रत्येक किलोला २०. ६० किलोंसाठी हिशेब करा : १००० + ५०० + ८०० = २३००. वजन सहापट, पण पाणी सव्वादोनपटीच्या जरा वर. आलेखाची रेषा १० पाशी वाकते, २० पाशी पुन्हा वाकते. वजन वाढले की पाणी वाढते हे दोन्ही उदाहरणांत खरे आहे, पण ‘वाढते’ आणि ‘प्रमाणात वाढते’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

असे का, याची एक दिशा भौतिकशास्त्रातून मिळते. घनाची बाजू दुप्पट केली की त्याचे पृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट. म्हणजे लहान वस्तूला तिच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक. गरम चहा बशीत लवकर निवतो तो यामुळेच. लहान शरीर दर किलोमागे अधिक उष्णता गमावते, अधिक ऊर्जा खर्च करते, आणि पाण्याची गरज या खर्चाशी बांधलेली असते. नुसता पृष्ठफळाचा नियम लावला तर सहापट वजनाला सुमारे ३.३ पट, म्हणजे ३३०० मिलिलीटर येतात. आकडा ६००० पेक्षा पुष्कळ जवळचा, पण जुळत नाही. वाढत्या वयाचे मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे, हेही त्यात आलेच.

बनगावची टक्केवारी

या पेयाची खरी परीक्षा १९७१ साली झाली. बांगला देशच्या मुक्तियुद्धात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकीची साथ पसरली. सीमेजवळच्या बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा त्यांनी मीठ ३.५ ग्रॅम, खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम आणि ग्लुकोज २२ ग्रॅम असे लीटरचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरले, आणि ते रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजले. त्या काळच्या वैद्यकीय रूढीला हे धरून नव्हते. छावण्यांत आधी शेकडा ३० च्या आसपास रोगी दगावत होते. त्यांच्या देखरेखीखाली उपचार झालेल्या सुमारे ३,७०० रोग्यांत हे प्रमाण शेकडा ३.६ वर आले. १९७८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचारामागच्या शोधाला शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. महालनबीस २०२२ साली निवर्तले; २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आता ३० वरून ३.६ ही घट शेकडा किती? एक जण वजाबाकी करून म्हणेल २६.४. दुसरा म्हणेल ८८, कारण २६.४ भागिले ३० गुणिले १०० म्हणजे ८८. दोघेही बरोबर आहेत, पण त्यांच्या शेकड्याचे पाये वेगळे आहेत. पहिल्याचा पाया सगळे रोगी : दर शंभर रोग्यांत सुमारे २६ जण अधिक जगले. दुसऱ्याचा पाया दगावले असते ते : अशा दर शंभरांतले ८८ वाचले. पहिल्याला घोटाळा टाळण्यासाठी ‘२६.४ टक्केबिंदू’ म्हणण्याची रीत आहे. वर्तमानपत्रांत हा भेद क्वचितच पाळला जातो. माणसांत मोजायचे तर ३,७०० चे शेकडा ३० म्हणजे १,११०, आणि शेकडा ३.६ म्हणजे १३३. फरक ९७७ माणसांचा.

इथे एक शंका काढणे योग्य आहे. आधीचे रोगी आणि नंतरचे रोगी सारखेच गंभीर होते का? छावणीतल्या धांदलीत तशी काटेकोर तुलना झाली नव्हती, आणि पाये सारखे नसतील तर दोन टक्केवाऱ्यांची वजाबाकी सैल पडते. म्हणून ९७७ हा आकडा अंदाज समजावा. पण ३० आणि ३.६ यांतले अंतर एवढे मोठे आहे, की पाया थोडा सरकला तरी निष्कर्ष टिकतो.

सूत्र त्यानंतर सुधारत गेले. आरोग्य संघटनेच्या जुन्या सूत्रात मीठ ३.५ आणि ग्लुकोज २० ग्रॅम होते. २००२ च्या सूत्रात ते २.६ आणि १३.५ झाले. मिठातली घट शेकडा २६ च्या जवळ, ग्लुकोजमधली साडेबत्तीस. एकूण कण ३११ वरून २४५ वर आले, म्हणजे रक्ताहून तीव्र असलेले पेय रक्ताहून सौम्य झाले. या बदलाने मुलांना सलाईन लावण्याची गरज शेकडा ३३ ने घटली असे आरोग्य संघटनेने म्हटले आहे. कशाच्या शेकडा ३३? शंभर मुलांपैकी नव्हे, पूर्वी ज्यांना सलाईन लागत होते त्यांच्यापैकी. पूर्वी शंभरात १५ जणांना लागत होते असे उदाहरणादाखल धरले तर आता १० जणांना.

चमचा आणि चिमूट

पुडी मिळाली नाही तर घरगुती कृती सांगतात : एक लीटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. साखरेचा चमचा सुमारे ४ ग्रॅमचा. सहा म्हणजे जवळजवळ २५ ग्रॅम. पुडीत तर १३.५ च होते, मग दुप्पट कशाला? घरची साखर म्हणजे ग्लुकोज नव्हे. तिच्या ३४२ रेणुभाराच्या एका रेणूतून ग्लुकोजचा एकच रेणू सुटतो, उरलेले फ्रुक्टोज. २५ ÷ ३४२ म्हणजे ७३ मिलिमोल. पुन्हा ७५ च्या जवळ आलो की नाही?

मीठ अर्धा चमचा, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम. दोन्ही मापांत अर्ध्या ग्रॅमची चूक झाली असे समजा. साखरेत ती शेकडा २ आणि मिठात शेकडा १७. चूक तेवढीच, पण जो पदार्थ थोडा लागतो त्याचे माप अधिक जपून घ्यावे लागते. म्हणून चमचा ‘सपाट’ हवा असा आग्रह. शीग लावलेला चमचा सहज दीडपट भरतो. बांगला देशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० ते १९९० या दशकात घरोघर जाऊन सुमारे सव्वा कोटी घरांतल्या आयांना ही विद्या शिकवीत होत्या. त्यांचे माप तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी असे होते. चिमूट प्रत्येकीची वेगळी, म्हणून नुसते तोंडी सांगून त्या थांबल्या नाहीत. प्रत्येक आईकडून पेय करवून घेत.

आणि एक चूक अशी, की तिथे सपाट चमच्याचाही उपयोग नाही. मीठ आणि साखर यांचे चमच्यांतले गुणोत्तर १ : १२ आहे. ऐकताना अदलाबदल झाली आणि कुणी सहा चमचे मीठ, अर्धा चमचा साखर घातली तर गुणोत्तर १२ : १ होते. सहा चमचे मीठ म्हणजे ३६ ग्रॅम. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे बाळाला समुद्राचे पाणी पाजल्यासारखे झाले. ‘गुणोत्तरात पदांचा क्रम महत्त्वाचा असतो’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य परीक्षेत एका गुणाचे असते.

जाता जाता एक उदाहरण तुमच्यासाठी. एका घरी तांब्यात एक लीटर पेय नीट केले. बाळाने २०० मिलिलीटर प्यायल्यावर आजीने तांब्या साध्या पाण्याने पुन्हा लीटरभर केला आणि ढवळला. थोड्या वेळाने पुन्हा २०० मिलिलीटर पाजले आणि पुन्हा तेवढेच साधे पाणी घातले. आता सोडिअम किती राहिले? प्रत्येक वेळी शेकडा २० गेले, म्हणून दोन वेळा मिळून शेकडा ४० गेले असे उत्तर लिहू नका. पहिल्या वेळी ७५ चे चार पंचमांश, म्हणजे ६० उरले; ६० ते ९० या मर्यादेच्या अगदी काठावर. दुसऱ्या वेळचे शेकडा २० हे ७५ चे नव्हेत, या ६० चे. म्हणून उरले ४८, मूळच्या शेकडा ६४. तिसऱ्या वेळी पाणी घातल्यावर किती उरेल, आणि कितव्या वेळी तीव्रता निम्म्याखाली जाईल, ते तुम्ही काढा. आजीला मात्र आजच सांगा, की तांब्या संपला की नवी पुडी फोडायची.